डाव्या अंगाला काय दिसतं

बस थांबली की ड्रायव्हर खाली उतरतात. आबा वर चढायचे. मागच्या शिडीने टपावर जायचे, सामानाच्या कॅरिअरवर पंचा अंथरून बसायचे आणि तिथेच डबा सोडायचे. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची ती बस. सकाळच्या पाळीचे कामगार बारामतीहून न्यायचे आणि दुपारी पाळी सुटली की परत आणायचे, एवढंच काम. मधले तास बाकीच्या कंपन्यांचे ड्रायव्हर बाभळीखाली पत्ते कुटत. आबा टपावर. उन्हाळ्यातही, पंचा ओला करून डोक्याला बांधून.

"वर काय आहे?" मी एकदा विचारलं होतं.

"खालनं गाव दिसतं, वरनं मुलुख दिसतो," ते म्हणाले. वाक्य त्यांचं नव्हतं, वडिलांचं होतं. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. कळप बसला की ते जवळच्या उंचवट्यावर जात आणि दोन बोटं पुढे करून जोडीजोडीने मेंढरं मोजत. दहा जोड्या झाल्या की एक इसा, म्हणजे वीस. आबांनाही ती मोजणी येत असे. त्यांच्या गावी, पिंपळीला, आता शेती होती, घरात एकही मेंढरू नव्हतं. पण रस्त्यात कळप दिसला की आबा बस हळू करत, दोन बोटं स्टिअरिंगवर नाचवत आणि पार झाल्यावर सांगत, "सात इसं आन् तीन." कधीच चुकत नाहीत, असं ते म्हणायचे. उतरून तपासायला कोणी गेलं नव्हतं.

ही नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट आहे. मी पुण्याच्या एका दैनिकाचा बारामतीतला बातमीदार होतो आणि इंदापूर तालुकाही माझ्याकडेच होता. सकाळी सहाच्या सुमाराला कंपनीची बस निघे. बाहेरचा माणूस घ्यायचा नाही असा नियम होता. आबांनी तो मला पहिल्या दिवशी वाचून दाखवला आणि मग केबिनमधली, बॉनेटच्या डावीकडची सीट पुसून दिली. भिगवणवरून लोणी देवकर, तिथून पुढे इंदापूरला वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, जीपने, असा माझा आठवड्यातले चार दिवस प्रवास चाले.

आबा पन्नाशीचे. रुंद बांधा, आखूड मान, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. बसमध्ये त्यांचे कायदे होते. पडदे ओढायचे नाहीत. खिडकीपाशी बसलेल्याने झोपायचं नाही. झोपला तर जागा सोडायची. "खिडकी काय झोपाय दिलीया व्हय?" असं आरशात बघून ओरडायचे. पळसदेवजवळ उजनीचं पाणी दिसू लागलं की हॉर्न देऊन सगळ्यांना उठवायचे.

"उठा रं, पाणी बघा!"

"घरी नळाला येऊ द्या आबा, मग बघतो," मागून कोणीतरी म्हणायचं.

"नळाचं पाणी बघून कुनाचं डोळं निवल्यात का?"

एका दिवाळीनंतर त्यांनी दहा दिवसांची रजा घेतली. बालाजीला जाऊन येतो म्हणाले. परत आले ते मुंडण करून. कामगारांनी लाडू मागितला. आबा म्हणाले, संपला. बालाजीची रांग किती होती, देव कसा दिसला, काही सांगेनात. सांगू लागले ते मद्रासचं. वाटेत मद्रासला उतरलो होतो, असं त्यांचं म्हणणं. नकाशात तिरुपती आधी येतं आणि मद्रास नंतर, हे मी मनात नोंदवलं आणि सोडून दिलं.

मद्रासला त्या वेळी शहरात एक नवी रेल्वे झालेली होती. खांबांवरून जाणारी. ती आबांनी पाहिली आणि त्यांच्या बोलण्याला दुसरा विषय उरला नाही.

"बीच म्हणून ठेसन हाय. तितनं सुटती. आधी जमिनीवरनंच जाती, मग चढाय लागती. घरांच्या वर! लोकांच्या गच्च्या खाली ऱ्हात्यात. आपल्या टपावर बसल्यावानी, फकस्त टप पळतंय. मैलापूरपतूर जायचं, माघारी यायचं. मी चार बाऱ्या गेलो."

त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. उजवीकडचं सगळं बारीक असे. गच्चीवर एक माणूस तोंडाला साबण लावून उभा होता, त्याचा आरसा कठड्याला तारेने बांधलेला होता. निळ्या बादलीत एकच चप्पल बुडवलेली. एक बाई सूप उगारून कावळा हाकलत होती. डावीकडचं मात्र सगळं ठोक असे. समुद्र. जहाजं, तीन. झाडी. मोठमोठ्या इमारती. एकाच माणसाने एकाच गाडीतून पाहिलेल्या दोन बाजू इतक्या वेगळ्या नसतात. अशी बातमी कोणी माझ्याकडे आणली असती तर मी विचारलं असतं, डावीकडचं कोणी पाहिलं? आबांना विचारलं नाही.

बसमध्ये त्यांचं नाव मद्रास मेल पडलं. एका फिटरने तर त्यांना पेचातच धरलं.

"आबा, जाताना समुद्र कुठल्या अंगाला व्हता?"

"डाव्या."

"आन् येताना?"

"डाव्याच."

"मग ते मद्रास हाय का बेट?"

सगळी बस हसली. आबाही हसले. "मद्रासला समुद्र लई हाय," ते म्हणाले.

आमचा खेळ त्याच सुमाराला सुरू झाला. एका सकाळी बारामतीची हद्द सोडल्यावर ते म्हणाले, "पत्रकार, तुमी डोळ्याचं खाता. डाव्या अंगाला काय दिसतंय, सांगत चला. मला मद्रासवानी वाटू द्या."

मला मौज वाटली. मी सांगू लागलो. ऊस, कडब्याची गंजी, शाळेची भिंत, सायकलवाला. आबांनी दुरुस्ती केली.

"आधी हालणारं सांगा. गंजी कुठं पळून जात न्हाय. सायकलवाला आधी, गंजी मागनं."

हे बरोबर माझ्या वृत्तसंपादकांचं वाक्य होतं. ते शब्द वेगळे वापरत, एवढंच. म्हणून मला ते पटलं. मी तयार झालो. "सायकलवाला, दोन कॅन, आपल्याच दिशेने. बैलगाडी, रिकामी. कुत्रं, थांबलंय." आबा मान हलवत. मी नसेन त्या दिवशी ते कोणा कामगाराला तिथे बसवत आणि म्हणत, बातमीदार सुट्टीवर हाय, आज तू. क्लीनर कंपनीने दिलेला नव्हता.

हे वर्षभर चाललं. या वर्षभरात मला ज्या गोष्टी दिसल्या त्या क्रमाने लिहितो. डावीकडचा आरसा दोनदा फुटला, दोन्ही वेळा पिंपळीच्या बाजूच्या एकाच लिंबाच्या फांदीने. टपरीवर आबांनी कप उचलताना शेजारचा कप सांडला. शिडी चढताना ते आधी हाताने दांडी चाचपू लागले. बोलताना ते माझ्याकडे डोळे न वळवता सबंध मान वळवू लागले, आखूड मानेचा माणूस वळवतो तशी, म्हणून मला ती मानेचीच सवय वाटली. कंपनीने वर्षाची डोळेतपासणी घेतली. आबांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. पाठ केलेली नव्हती. त्यांना ती खरोखरच दिसत होती.

काचबिंदू असाच असतो. दुखत नाही. नजर कडांकडून जाते आणि मधली शेवटपर्यंत राहते. ही माहिती मला पुढे मिळाली. बारामतीच्या डॉक्टरांनी आबांना आधी सांगितलं, मग पुण्याच्या डॉक्टरांनी. तिसऱ्यांदा वेगळं ऐकायला मिळेल म्हणून ते बायकोला घेऊन दौंडहून मद्रासच्या गाडीत बसले होते. तिथल्या मोठ्या दवाखान्यातही तेच सांगितलं गेलं. गेलेली नजर येत नाही. राहिलेली औषधाने टिकली तर टिकेल. गाडी चालवायची नाही. मुंडण त्यांनी मद्रासच्याच एका फुटपाथवर करून घेतलं होतं. बालाजीला जातो म्हणून सांगितलं होतं, तर पुरावा हवा.

वर्ष भरलं त्या सुमाराच्या एका सकाळी माझ्या हातात आमचं दैनिक होतं. माझी बातमी पहिल्यांदाच पहिल्या पानावर आली होती, खालच्या घडीत, दोन कॉलम. ती मी चार वेळा वाचली होती आणि पाचव्यांदा वाचत होतो. भिगवण मागे पडलं होतं. ऊन स्वच्छ होतं. मी मान वर केली. डावीकडच्या शेतातून एक कळप रस्त्याकडे चढत होता. दिवाळी होऊन गेली होती, कळप कोकणच्या वाटेला लागायचे दिवस होते. पुढची मेंढरं डांबराच्या कडेला पोचली होती. मागे काठी उंचावलेला मेंढका होता, तोंडाने काहीतरी ओरडत.

मी हे सगळं पाहिलं. शेदीडशे मेंढरं, भर उजेडात, इतक्या जवळ. जे सगळ्यांना दिसतं ती बातमी नसते, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी पुन्हा पेपरात पाहिलं.

आवाज फार मोठा झाला नाही. पोती पडावीत तसा, एकामागून एक. मग ब्रेक.

आम्ही उतरलो तेव्हा सतरा मेंढरं मेली होती किंवा मरत होती. बाकीचा कळप रस्ताभर फाकला होता. मेंढका धावत आला आणि बसच्या दारापाशी थांबला. तो आबांचा थोरला चुलतभाऊ निघाला. त्यांना सगळे तात्या म्हणत.

"आबा? तू?"

आबा खाली उतरले. त्यांनी मान डावीकडे पुरती वळवली आणि मग त्यांना दिसलं.

"आरं आपली मेंढरं हायती!" तात्या म्हणाले. "मी काठी वर केली, बोंबललो. परक्या ड्रायव्हरनं न्हाय बघितलं तर समजंल. तुला मेंढरं दिसंनात व्हय? तुझ्या बापानं काय शिकिवलं तुला?"

 आबा चालत रस्त्याच्या कडेच्या मातीच्या ढिगावर गेले. वर चढले. दोन बोटं पुढे केली आणि उरलेली मेंढरं मोजू लागले. भरपाईचा हिशेब लावायला ते मोजतायत असं तात्यांना वाटलं असावं. कामगारही उतरून उभे होते.

"सा इसं आन् चार," आबा म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "थांबा."

पुन्हा मोजलं. "पाच इसं आन् धा."

तिसऱ्यांदा मोजताना मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. ती एकाच मेंढीवर पुन्हा पुन्हा येत होती. एक मेंढी चालत बाजूला गेली की ती त्यांच्या हिशेबातून नाहीशी होई आणि परत आली की नवी होई. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होती, नळीतून बघणाऱ्या माणसासारखी. तिसऱ्या वेळी त्यांनी आकडा सांगितलाच नाही.

तात्यांनी काठी खाली ठेवली. ढिगापाशी गेले आणि आबांच्या डाव्या कानाजवळ हात नेऊन बोटं हलवली. आबा समोर बघत राहिले.

"कदीपासनं?" तात्यांनी विचारलं.

"झालं दोन वरीस."

मागे चाळीस कामगार उभे होते. दोन वर्षं रोज या माणसाच्या मागे बसून आलो, हे त्यांच्या चेहऱ्यांवर हळूहळू येत गेलेलं मी पाहिलं. शिव्या नंतर सुरू झाल्या. मद्रासला समुद्र डाव्याच बाजूला कसा, असं विचारणारा फिटर खाली बसून ओकला. त्याची बायको गरोदर होती, हे मला ठाऊक होतं.

आणि मला माझी सीट कळली. वर्षभर मी गप्पा मारत नव्हतो. मी एका बसचा डावा डोळा होतो आणि ते मला सांगितलेलं नव्हतं.

पोलिसांत कोणी गेलं नाही. भावकीने भावकीत मिटवलं. कंपनीने आबांना त्याच दिवशी काढलं. मी संध्याकाळी चार ओळींची बातमी पाठवली. बसच्या धडकेत सतरा मेंढ्या ठार. कारण लिहिलं नाही. पुण्यात कोणी तरी त्यात 'चालकाचा ताबा सुटल्याने' असे शब्द घातले. मी ते दुरुस्त केले नाहीत.

पिंपळीला मी दोन वर्षांनी गेलो. जायचं टाळत होतो, हे नमूद केलं पाहिजे. आबा तेव्हा पूर्ण आंधळे झाले होते. घर स्लॅबचं होतं आणि ते दिवसभर स्लॅबवर बसत. काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोने, मला आधी खाली चहाला बसवलं. वरून आबांचा आवाज येत होता. शेजारचा कोणी म्हातारा त्यांच्यापाशी बसला असावा.

"गच्च्या खाली ऱ्हात्यात. एक मानूस तोंडाला साबन लावून हुबा हाय…"

"रोज हेच," काकी म्हणाल्या. कपात चहा ओतेपर्यंत थांबल्या. "एक सांगू का भाऊ? कुनाला सांगितलं न्हाय."

"सांगा."

"मी कुठं बघितला समुद्र."

मला समजायला वेळ लागला.

"उंचावर माझं डोस्कं फिरतं. गाडी चढाय लागली तसा पदर तोंडावर वढला आन् डोळं गच्च मिटून बसले. डॉक्टरनं आदल्या दिशीच सांगितलेलं. ह्यांनी इचारलं, डाव्या अंगाला काय हाय गं? आता काय सांगू मानसाला? ठेसनाचं नाव बीच, म्हंजी समुद्र जवळ हाय, असं कुनी तरी सांगितलं व्हतं. म्हनलं, समुद्र हाय. म्हनले, आनि? म्हनलं, जहाज. म्हनले, किती? म्हनलं, तीन. माघारी येताना बी तेच इचारलं, मी बी तेच सांगितलं. चार बाऱ्या. उतरल्यावर इतकं हसलं बघा. म्हनले, मला सगळं दिसलं. सांगनारं मानूस शेजारी असलं की डोळ्याचं काय काम न्हाय. गाडी बी चालवता येती."

त्यांनी चहाचं भांडं उगाच पुसलं.

"मी तवा डोळं उघडलं असतं, आन् सांगितलं असतं की मला कायबी दिसत न्हाय, तर?"

मी कप खाली ठेवला.

"त्यांना सांगू नका. आता तेवढाच ऱ्हायलाय त्यांच्यापाशी. समुद्र."

मी वर गेलो. म्हातारा उठून गेला. आबांनी पावलावरूनच ओळखलं. पंच्यावरची जागा हाताने झाडून दिली, उजव्या नव्हे, डाव्या बाजूची. बारीक झाले होते. गुंडी अजून लावलेली होती. माझ्या दैनिकाची चौकशी केली, पगार वाढला का विचारलं. 

"पत्रकार," ते म्हणाले, "डाव्या अंगाला काय दिसतंय?"

अपघातानंतर ते कोणालाच हे विचारत नाहीत, असं काकी खाली म्हणाल्या होत्या.

मी पाहिलं. ऊस, तुरा आलेला. कालव्याची पाळ. एक मोटारसायकल, दोन माणसं. आणि पाळीवरून उतरून रस्त्याला लागणारा एक कळप, शंभराच्या आसपास, पुढे घोडं, त्यावर बिऱ्हाड.

"मोटारसायकल," मी म्हणालो. "डबलसीट. मग ऊस. कालवा. रस्ता मोकळा आहे."

आबांनी मान वळवली, पुरती, जशी वळवायचे तशी. कळप अजून लांब होता. पण वारा तिकडून येत होता.

"मेंढरं हायती की," ते म्हणाले.

मी कळपाकडे पाहिलं.

"त्या दिशी बी तुमी सांगितली न्हाईत."

ते रागाने म्हणाले नाहीत.  कळप घराखालून जायला दहाएक मिनिटं लागली. आबांनी दोन बोटं पुढे केली होती. मोजत नव्हते, आवाज जिकडून येई तिकडे ती नुसती फिरत होती. शेवटचं मेंढरू पुढे गेल्यावरही ती तशीच राहिली, आणि हात खाली घ्या असं त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं.